महिपती गुरुजींची उपाशीपोटी साखर

महिपती गुरुजींना काहीही झालेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांना नेमकं काय झालं आहे याबद्दल करंजमाचीतल्या अकरा घरांची आणि मुंबईतल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मतं पुढे येणार आहेत, आणि ती ऐकून भलेभले गोंधळले होते.

करंजमाची ही पोलादपूर तालुक्यातली डोंगरावरची वाडी. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिथल्या शाळेचे एकुलते एक मास्तर बदलून गेले. शाळेत मुलं नऊ. नवा मास्तर मिळेपर्यंत एखाद्या निवृत्त शिक्षकाला नेमता येईल, असं कार्यालयाने कळवलं. अट एकच, तब्येत ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला महिनाअखेरीपर्यंत जमा व्हावा. नाही झाला तर मुलांची नावं खालच्या गावच्या शाळेत घालण्यात येतील. खालची शाळा म्हणजे उतरायला पाऊण तास आणि चढायला सव्वा तास, तोही रानातून. मोठी मुलं कशीबशी गेली असती. पहिलीतल्या दोघांच्या आईबापांनी मात्र आताच सांगून टाकलं होतं, "थोडी मोठी होऊ दे, मग बघू." पोरं थोडी मोठी होईपर्यंत काय होतं, ते गुरुजींनी चौतीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ वेळा पाहिलं होतं. ती गुरं राखायला लागतात आणि मग शाळेच्या बाजूने जाताना मान वळवून घेतात.

म्हणून गुरुजींनी अर्ज केला. मास्तर गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते मुलांना आपल्या पडवीत शिकवत होतेच. आता प्रश्न फक्त कागदाचा होता.

पोलादपूरच्या डॉक्टरांनी छाती ऐकली, रक्तदाब मोजला, जीभ पाहिली आणि सगळं चांगलं असल्याचं सांगितलं. "वय सदुसष्ट आहे, तेवढी साखर तपासून आणा. उपाशीपोटी. महाडला करा, लगेच कागद मिळतो." त्यांनी महाडच्या डायग्नोस्टिक सेंटरच्या नावाची एक छापील चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी दुसऱ्या दिवशी पडवीत पुस्तकातून खाली पडली आणि पाचवीतल्या समीक्षाने उचलली. समीक्षा छापलेलं काहीही सोडत नसे. खताच्या पोत्यावरचा मजकूरही ती शेवटपर्यंत वाचून काढी.

"गुरुजी, डायग्नोस्टिक म्हणजे काय?"

गुरुजींनी गणित बाजूला ठेवलं. असा प्रश्न आला की ते गणितच काय, जेवणही बाजूला ठेवत. "म्हणजे काय झालंय ते शोधणं. मराठीत त्याला निदान म्हणतात. त्या सेंटरमध्ये बरं करत नाहीत हं. तिथे फक्त शोधतात."

"मग बरं करायला दुसरीकडं जायचं?" तिसरीतल्या ओमने विचारलं.

"हो."

"मग पयल्यांदाच दुसरीकडं का नाय जायचं?"

गुरुजी खूश झाले. "गेल्या वर्षी आपल्या नळाला पाणी येईना, आठवतं? सगळ्यांचं ठरलं की मोटर जळली. चार माणसांनी मोटर खांद्यावरून खाली नेली. तीन दिवस ती पोलादपूरला होती. परत आणून बसवली. पाणी आलं?"

"नाय!" नऊही मुलं ओरडली. "पायपात बेडूक होता!"

"म्हणजे आपण मोटर बरी केली. मोटर तर आजारीच नव्हती. डायग्नोस्टिक म्हणजे मोटर खांद्यावर घ्यायच्या आधी पायपात बघणं."

मग मुलांनीच आणखी उदाहरणं काढली. वायरमन खांबावर चढायच्या आधी घरातली वायर बघतो. मोबाइल दुरुस्त करणारा आधी चार्जर बदलून बघतो. म्हैस दूध देईना झाली की आजी आधी वासरू कुठे आहे ते विचारते. गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलं: आधी विचारावे, मग पाहावे, मग मोजावे, आणि शेवटी बोलावे. "आणि आपल्याला जे आधीपासून वाटत असतं," ते म्हणाले, "ते तेवढा वेळ खुंटीला टांगून ठेवायचं." समीक्षाने हे वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

सोमवारी सकाळी सहाला गुरुजी निघाले. पत्नीला, सुरेखाबाईंना, त्यांनी बजावून ठेवलं होतं की आज खायला काहीही करू नका. त्यांनीही चूल पेटवली नव्हती. बाकी वाडीत मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. रक्त तपासायला चाललो म्हटलं की माणूस आजारी ठरतो, आणि गुरुजींना त्या वयात आजारी ठरायची हौस नव्हती.

आता वाट समजून घ्यायला हवी. करंजमाचीतून खाली फाट्याला जायला एकच पायवाट आहे, आणि ती पाच घरांच्या अंगणांमधून जाते. अंगणाच्या कडेने नव्हे, मधून. कुणाच्या अंगणातून जायचं आणि चहा न घेता जायचं, ही गोष्ट वाडीत भांडणाशिवाय होत नाही. सात वर्षांपूर्वी एसटी चुकेल म्हणून गुरुजी रंगूबाईंच्या अंगणातून तसेच गेले होते. रंगूबाई नात्याने त्यांच्या चुलत वहिनी. त्या दोन वर्षं बोलल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी बोलल्या ते हेच, की "त्या दिशी का नाय थांबलाव?"

"भावजी, पारोसं तोंड घेऊन कुठं निघालाव?" रंगूबाईंनी अंगणातूनच हाक दिली. "टेका जरा. च्या उतरलाच हाय."

गुरुजी टेकले. क्षणभर त्यांच्या मनात उपाशीपोटीचा विचार आला, नाही असं नाही. पण चहा म्हणजे काही खाणं नव्हे. एकादशीला चालतो, श्राद्धाच्या दिवशी पितरांचं पान वाढेपर्यंत चालतो, बाळंतिणीला चालतो. चहा प्यायलेल्या माणसाला करंजमाचीत कुणी "जेवलास का" विचारलं तर तो "अजून काहीच नाही पोटात" असंच सांगतो, आणि खरं सांगतो. गुरुजींनी चहा घेतला. पुढे चार अंगणं होती. तिथेही घेतला. शिवाय पाच घरांनी महाडहून आणायच्या वस्तू सांगितल्या, त्यात एक कुकरची रिंग, एक दाराची कडी आणि एका देवाच्या तसबिरीची काच होती.

महाडच्या सेंटरमध्ये रूपाली नावाची मुलगी रक्त घेत होती. "काका, काही खाल्लंय का?"

"काल रात्रीपासून काही नाही," गुरुजींनी स्वच्छ मनाने सांगितलं.

कागदावर आकडा आला, एकशे एकाहत्तर.

डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. "गुरुजी, ही फार आहे. शंभराच्या आत पाहिजे. साखर असली म्हणून कुणी शिकवायचं थांबत नाही, पण तुमची ती चढण बघता ती आधी आटोक्यात आलेली दिसू दे. आठ दिवस पथ्य करा, पुन्हा तपासा, मग सही करतो."

गुरुजी वर पोचायच्या आधी बातमी पोचली. ती कशी पोचली ते कळायला मार्ग नाही, कारण एकशे एकाहत्तर हा आकडा त्यांनी फक्त एसटीत शेजारी बसलेल्या एका अनोळखी माणसाला सांगितला होता.

त्यानंतरचे आठ दिवस गुरुजींच्या प्रतिष्ठेला फार वाईट गेले. पहिल्यांदा आला महादू. महादू त्यांच्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा सोबती. मुंबईला एका मोठ्या इस्पितळात तो अठ्ठावीस वर्षं लिफ्ट चालवत होता. किती माणसं वर गेली आणि त्यातली किती कशी खाली आली, याची त्याच्याइतकी माहिती तिथल्या मोठ्या डॉक्टरांनाही नसावी. वाडीत औषधपाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा असे.

"महिपती, घाबरू नको," तो पडवीत बसत म्हणाला. "शुगर म्हंजे चौथा मजला. चौथ्याचा माणूस चालत खाली येतो. सहावा असता तर मी आताच तुझ्या पाया पडून घेतलं असतं."

"मला काहीही होत नाही रे महादू. भूक लागते, झोप लागते, चढ चढतो."

"त्येच तर! चौथ्या मजल्यावाल्यांला कायच होत नसतंय. ज्याला कायतरी होतंय तो दुसऱ्या मजल्याचा."  महादूच्या पद्धतीत बरं असणं हेच मुख्य लक्षण होतं.

मग करंजमाची ग्रामस्थ मंडळ, मुंबई यांनी ग्रुपवर विषय घेतला. वाडीतल्या कुठल्याही गोष्टीचा निर्णय मंडळाला विचारल्याशिवाय होत नाही. देवळाचा रंगही मुंबईहून ठरतो. गुरुजींच्या साखरेसाठी मंडळाने एक आरोग्य समिती नेमली, आणि पुढचे दोन दिवस समितीचा उपाध्यक्ष कोण यावर चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी ठराव आला की गुरुजींनी भात झोडायला जाऊ नये, मोठ्याने बोलू नये आणि मुलांना शक्यतो बसूनच शिकवावं. ठरावाच्या खाली बेचाळीस जणांचे बेचाळीस जोडलेले हात. म्हणजे खरं तर चौऱ्याऐंशी. गुरुजींचा मुलगा प्रवीण याने त्यावर मंडळाचे आभार मानले, ते गुरुजींना विशेष लागलं.

घरोघरचे पालेही आले. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड, गुळवेलीचा काढा. एका घरून नुसतीच एक मुळी आली, ती खायची की उशाशी ठेवायची हे आणणाऱ्यालाही माहीत नव्हतं. सुरेखाबाईंनी साखरेचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. शाळेतली मुलं गुरुजी उठले की उठून उभी राहू लागली, म्हणजे पडले तर धरायला. ओम तर खडूसुद्धा हातात देऊ लागला. चौतीस वर्षं ज्यांनी स्वतःचा खडू स्वतः उचलला त्यांना यापेक्षा मोठा अपमान होणं शक्य नव्हतं.

आठव्या दिवशी गुरुजी पुन्हा निघाले. या वेळी लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"भावजी, तुमच्यासाठी बिनसाखरेचा च्या केलाय," रंगूबाई म्हणाल्या. "एक कण नाय टाकला साखरंचा. देवाशप्पत."

गुरुजींना गहिवरून आलं. त्यांनी घोट घेतला. चहा गोड होता.

"गूळ हाय," रंगूबाईंनी खुलासा केला. "साखर बाधते, गूळ कुठं बाधतो? घरचा हाय, त्यात काय मिसळलेलं नाय."

पुढच्या चारही घरांनी तोच विचार केला होता. शिवाय महादू वाटेत कपबशी घेऊन उभा होता. "रानातला मध आणि लिंबू. रिकाम्या पोटी घ्यायचं, नायतर गुण येत नाय."

"अरे, पण मला उपाशीपोटी जायचं आहे."

"त्येच सांगतोय ना मी! उपाशीपोटीच घ्यायचं हाय." गुरुजींनी विचार केला की हे तर औषध आहे, आणि औषधाला कुणी खाणं म्हणत नाही. घेतलं.

रूपालीने विचारलं. गुरुजींनी पुन्हा स्वच्छ मनाने सांगितलं की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि ते खरंच होतं, पाणी त्यांना कुणी दिलंच नव्हतं. आकडा आला एकशे शहाऐंशी.

"काका, पथ्य करताय ना?" रूपाली काळजीने म्हणाली.

"आठ दिवस कारलं पितो आहे," गुरुजी म्हणाले.

डॉक्टरांनी गोळ्या लिहायला कागद ओढला, मग पेन खाली ठेवून म्हणाले की चार दिवसांनी आणखी एकदा बघू, ही पथ्य करून वाढणारी साखर आपण आजवर पाहिली नाही. महिना संपायला सहा दिवस होते. गुरुजी त्या दिवशी चढ चढताना तीनदा बसले. दम लागला म्हणून नव्हे. पहिलीतल्या दोन पोरांची नावं त्यांना राहून राहून आठवत होती, आणि खालच्या गावच्या पटावर ती नुसती नावंच राहणार होती. वाटेत रंगूबाईंनी त्यांना बसलेलं पाहिलं आणि बातमी अशी पसरली की गुरुजी आता पाचव्या मजल्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी पडवीत मुलं जमली. गुरुजींनी पाढे म्हणायला सांगितलं. कुणीच म्हणेना. समीक्षा वही घेऊन उभी राहिली.

"गुरुजी, आमी तुमचं निदान केलंय."

"कुणी?"

"आमी नऊ जणांनी. आधी विचारलं, मग बघितलं, मग मोजलं. आता बोलतो." तिने वाचायला सुरुवात केली. वाचण्याचा स्वर बातम्या देणाऱ्या बाईंचा होता.

"सोमवारी सकाळी गुरुजी खाली गेले. रंगूआजीकडे चहा एक कप, साखर तीन चमचे. रंगूआजीचा चमचा आम्ही पाहिला. तो भाजी वाढायचा आहे. त्यात आपले दोन चमचे मावतात. म्हणजे सहा. दुसरं घर, चहा एक कप, साखर चार चमचे, त्यांच्याकडे पाहुणे होते म्हणून जास्त. तिसरं घर..." पाच घरांची बेरीज बावीस चमचे झाली होती. "पुढच्या खेपेला साखर नाही. गूळ पाच ठिकाणी. एका ठिकाणी खडा दाखवला, तो ओमच्या मुठीएवढा होता. तो सगळ्या घराच्या चहाचा होता, पण घरातले बाकीचे उठले नव्हते. महादूबाबांकडे मध, पाव वाटी." तिने पान उलटलं. "निदान. गुरुजींना काही झालेलं नाही. गुरुजींना चहा झालेला आहे."

 आत भांडी घासणाऱ्या सुरेखाबाई दारात आल्या.

"अगं, पण चहा म्हणजे काही खाणं नव्हे," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी," समीक्षा हळूच म्हणाली, "ते आपल्याला आधीपासून वाटतं. ते खुंटीला टांगायचं."

गुरुजींनी खरोखरच खुंटीकडे पाहिलं. तिथे त्यांची टोपी होती. चौतीस वर्षांत ते अनेक मुलांपुढे चुकले असतील, पण इतक्या व्यवस्थित, तारीखवार आणि बेरजेसकट कुणी त्यांना दाखवून दिलं नव्हतं. त्यांना लाज वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की दोन्ही एकदम चेहऱ्यावर आणता येईना, म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मग म्हणाले, "बेरीज पुन्हा एकदा तपासून बघा. चौथ्या घरात हातचा धरलेला नाही."

हातचा धरल्यावर बत्तीस चमचे झाले.

हे निदान वाडीला अजिबात आवडलं नाही. "म्हंजे माझ्या च्यानं आजारी पडलाव म्हना की!" रंगूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या घराने सांगितलं की आमच्यात चारच चमचे, बिघडवलं ते तिसऱ्या घरानं. तिसऱ्या घराने चौथ्याकडे बोट दाखवलं. महादू म्हणाला की मध तपासून घ्या, मधानं आजवर कुणी वर गेलेला नाही. गुरुजी एकेका दारात जाऊन सांगत होते की दोष कुणाचा नाही, मला बोलता आलं नाही. आणि तिसऱ्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी ते रंगूबाईंकडे मुद्दाम जाऊन बसले. आयुष्यात इतकं अवघड वाक्य त्यांनी साहेबांपुढेही उच्चारलं नव्हतं.

"वहिनी, उद्या मी तुमच्या अंगणातून चहा न घेता जाणार."

रंगूबाईंनी सूप खाली ठेवलं. दोन वर्षांचा अबोला त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेला दिसला. मग त्यांनी आपल्या पडवीकडे पाहिलं. तिथे त्यांची नात पाटीवर 'क' गिरवत बसली होती. ती पहिलीतल्या त्या दोघांपैकी एक.

"येताना घेशाल?"

"येताना दोन घेईन."

"मग जावा," रंगूबाई म्हणाल्या. "पन बाकीच्यांकडं पन घेऊ नका हां. नायतर मी ऐकून घेनार नाय."

दुसऱ्या दिवशी पाचही अंगणांतली माणसं पाठ फिरवून बसली होती. गुरुजींकडे पाहिलं की तोंडून "टेका जरा" निघेल, म्हणून. गुरुजी चोरासारखे खाली उतरले.

"काही खाल्लंय का?" रूपालीने विचारलं.

"नाही. आणि चहाही नाही. तुम्ही चहाचं का विचारत नाही, बाई?"

रूपाली हसली. "चहाचं काय विचारायचं काका? चहा काय कुणी खातं?" आणि सुई हातात घेऊन ती तशीच थांबली. मग तिने भिंतीवरच्या 'काही खाऊन येऊ नये' या कागदाकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि खाली लिहिलं: चहासुद्धा. गुरुजींनी सुचवल्यावरून त्याखाली गूळ, मध आणि औषध म्हणून कुणी दिलेलं काहीही, एवढं वाढवलं.

आकडा आला चौऱ्याण्णव. डॉक्टरांनी सही केली. गुरुजींनी येताना सहा कप चहा घेतला, रंगूबाईंकडचे दोन धरून, आणि कारल्याचा उरलेला रस शेवग्याच्या मुळाशी ओतला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते कार्यालयात गेले. टेबलापाशी जाधवबाई होत्या. त्यांनी कागद लावले, पुन्हा लावले, आणि चष्मा वर केला.

"गुरुजी, तुम्ही तिन्ही रिपोर्ट जोडलेत."

"सगळे जोडावेत असं फॉर्मवर लिहिलं आहे."

"होय, पण हे तीन वेगळ्या माणसांचे वाटतात. एकशे एकाहत्तर, एकशे शहाऐंशी आणि एकदम चौऱ्याण्णव! वर साहेब विचारतील. फरक का पडला याचा खुलासा लागेल, तपासणाऱ्याच्या सहीचा. आजच. उद्यापासून मुलांची नावं खाली जातात."

डॉक्टर त्या दिवशी अलिबागला गेले होते. गुरुजी बाकावर बसले. मग त्यांनी पिशवीतून घडी केलेलं एक पान काढलं. समीक्षाने ते नीट उतरवून काढून त्यांना दिलं होतं, हातच्यासकट आणि खाली स्वतःच्या सहीसकट.

जाधवबाईंनी ते पान उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. भाजीच्या चमच्यापाशी त्यांनी शेजारच्या टेबलावरून चमचा मागवून घेतला आणि आपल्या चहाच्या कपात घालून पाहिला. मग कप बाजूला सरकवला.

"खुलासा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "इतका मुद्देसूद खुलासा या टेबलावर आलेला नाही. पण सहीखाली हुद्दा नाही. या समीक्षा मॅडम कुठे बसतात?"

"खिडकीजवळ," गुरुजी म्हणाले. "पाचवीच्या बाकावर."

जाधवबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग सहीखाली स्वतःच्या हाताने 'इयत्ता पाचवी, करंजमाची' असं लिहिलं, त्यावर कार्यालयाचा गोल शिक्का मारला आणि फाइल साहेबांच्या खोलीत पाठवली.